स्पीअरगनच्या रीलवर कुठली लाइन भरायची आणि तिला स्प्लाइस कसा करायचा (अगदी नवीन लोकांसाठी)

न्यूझीलंडला येऊन आधी स्नॉर्केलिंगला लागलेली आपली मंडळी एखाद-दोन उन्हाळ्यांत स्पीअरगन (पाण्याखाली मासा मारायची भाल्याची बंदूक) घेतातच, आणि गन घरी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, रीलवर लाइन कुठली भरू, दोनशे किलोवाली की तीनशे किलोवाली? किलोवरून, म्हणजे किती ओढीला लाइन तुटते त्या आकड्यावरून, सुरुवात करू नका हो. किलो कमी पडले म्हणून रीलची लाइन तुटली असं सहसा होत नाही. ती तुटते दगडावर घासून, नाहीतर गाठीपाशी, आणि बरेचदा तर ती तुटतही नाही, स्पूलवर (रीलचा फिरणारा भाग, ज्यावर लाइन गुंडाळतात) स्वतःच्याच वेढ्यांत रुतून बसते आणि मासा पळत असताना सुटायचं नाव घेत नाही. म्हणून लाइन घेताना जाडी, वीण आणि टोक कसं बांधणार हे तीन प्रश्न आधी, किलोचा आकडा सगळ्यात शेवटी.

हिशोबच बघा ना. हाकू, म्हणजे इथला किंगफिश (आपली सुरमई नव्हे, हा वेगळाच मासा), भाला लागल्यावर सरळ खाली दगडांत नाहीतर केल्पमध्ये (समुद्रातल्या उंच, झुडपासारख्या शेवाळात) घुसतो आणि लाइन तिथे गुंडाळून टाकतो. रॉडवर पकडलेला ५२ किलोचा हाकू १९८४ मध्ये टौरंगाकडे मिळाला होता, आणि आपण नवीन लोक मारणार त्याच्या पाव वजनाचा, तेही नशीब असेल तर. रीलचा ड्रॅग (स्पूलला लागणारा ब्रेक) नीट लावलेला असेल तर तो काही किलोच्या ओढीलाच फिरायला लागतो, म्हणजे लाइनवर तिच्या ताकदीइतका ताण यायची वेळच येत नाही. पण तीच लाइन शिंपल्यांनी भरलेल्या दगडाच्या कडेवर दोनदा घासली तर किलो कितीही असोत, गेली.

आता माल कुठला. दुकानात डायनीमा किंवा स्पेक्ट्रा असं लिहिलेलं दिसेल, दोन वेगळ्या कंपन्यांची नावं आहेत, धागा एकाच जातीचा, अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथिलीन. यात आपल्या कामाच्या गोष्टी तीन. हा धागा पाण्यापेक्षा हलका, घनता ०.९७ च्या आसपास, म्हणजे तरंगतो. ताण दिला तर जवळजवळ लांबत नाही. आणि प्रचंड गुळगुळीत आहे, म्हणूनच आपली नेहमीची निरगाठ, जी सुतळीवर दगडासारखी बसते, ती यावर हळूहळू सरकत सरकत निसटते. नायलॉनची साधी ब्रेडेड दोरी स्वस्त मिळते पण ती पाणी पिते आणि ताणली जाते, रीलसाठी नको.

डायनीमातही दोन प्रकार आहेत आणि इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. एक पोकळ वीण, आठ किंवा बारा पदरांची, आत काहीच नाही. दुसरी कव्हरवाली, म्हणजे आत डायनीमा आणि बाहेर पॉलिएस्टरचं विणलेलं कव्हर. ओळखायचं कसं, तर लाइन दोन्ही हातांच्या चिमटीत धरून चिमटी एकमेकींकडे ढकला, मधला भाग फुगून नळीसारखा उघडला तर पोकळ. कापलेल्या टोकात रंगीत कव्हराच्या आत पांढरा गाभा दिसला तर कव्हरवाली.

कव्हरवाली गोल राहते, स्पूलवर कमी रुतते, घासाघासही जास्त सोसते, हातालाही बरी. पण जागा जास्त खाते आणि घरच्या घरी स्प्लाइस (गाठ न मारता टोक लाइनच्याच पोटात ओवून लूप करणं) होत नाही म्हटलं तरी चालेल, कारण बारीक लाइनमध्ये आतला गाभा बरेचदा विणलेला नसतो, नुसते सरळ धागे असतात. पोकळ लाइन चपटी होते, ओढ बसली की वरचा वेढा खालच्या वेढ्यांत घुसतो, पण ती स्प्लाइस होते, तेवढ्याच स्पूलवर जास्त मीटर बसते, आणि पुढचं टोक खराब झालं की तेवढं कापून पुन्हा नवा लूप करता येतो. माझं मत विचाराल तर नवीन माणसाने १.८ ते २ मिलीमीटरची, बारा पदरांची, वरून कोटिंग असलेली पोकळ लाइन घ्यावी आणि स्प्लाइस शिकून घ्यावा. अगदी घट्ट विणीची असेल तर सुई आत जात नाही आणि फार सैल असेल तर दगडाला लगेच अडकून तिचे पदर निघतात, मधली बघा.

दीड मिलीमीटरच्या खाली जाऊ नका. लोकांना वाटतं बारीक लाइन म्हणजे जास्त लांबी, आणि ते खरंही आहे, स्पूलवर २ मिलीमीटरची ५० मीटर बसत असेल तर १.५ ची साधारण ८९ मीटर बसते, कारण जागा जाडीच्या वर्गाने लागते. पण बारीक लाइन हात कापते, गुंता लवकर करते आणि रुततेही जास्त. रॉडच्या रीलवरची केसासारखी ब्रेडेड लाइन तर स्पीअरगनवर कधीच नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. मासा पळताना ती बोटाभोवती आली तर हाडापर्यंत जाईल.

लांबी किती? ज्या खोलीवर डाइव्ह करता त्याच्या किमान तिप्पट धरा. दहा-बारा मीटरवर मारणाऱ्याला ४०-५० मीटर पुरते. रंग पिवळा, केशरी, पांढरा, काहीही चालेल पण दिसला पाहिजे. मासा रंगाला बिचकेल म्हणून काळी किंवा गडद हिरवी घेतात काही जण, मला ते पटत नाही. गुंत्यात पाय आला तर लाइन कुठून कुठे चाललीय ते तुम्हाला सेकंदात दिसायला हवं, माशाला दिसली तर दिसली.

आता स्प्लाइस. पोकळ लाइनच्या पोटात तिचंच टोक ओवायचं, एवढाच प्रकार आहे, पायजम्यात नाडी ओवतो तसा. ओढ बसली की बाहेरची वीण आवळते आणि आतलं टोक घट्ट धरते, जितकी ओढ जास्त तितकी पकड जास्त. गाठीने डायनीमाची ताकद निम्म्याच्या आसपास येते, नीट केलेल्या स्प्लाइसने अगदी थोडी कमी होते. पण खरं सांगायचं तर ताकदीपेक्षा मला दुसरा फायदा मोठा वाटतो, गाठ रीलच्या गाइडला (लाइन ज्यातून बाहेर येते त्या कडीला) आणि केल्पला अडकते, स्प्लाइस सुळकन निघून जातो. घरात कोणाला जाळी विणताना पाहिलेलं असेल, वसई-मालवणकडच्या बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं, तर हात दोन संध्याकाळीत बसेल. बाकीच्यांनी आधी मीटरभर तुकड्यावर सराव करा, थेट नव्या ५० मीटरवर नको.

सामान फार लागत नाही. गिटारची सगळ्यात बारीक साधी स्टीलची तार (गुंडाळी असलेली जाड तार नको), ती मधोमध दुमडली की झाली तुमची स्प्लाइसची सुई, दुमडलेली असताना फूटभर तरी लांब हवी. मार्कर पेन, इलेक्ट्रिकलवाली टेप, शिवायची सुई, मजबूत दोरा आणि धारदार कात्री. कात्री खरंच धारदार हवी, घरातली भाजीची पाकिटं कापायची कात्री डायनीमाला नुसती चावते, कापत नाही. कापायच्या जागी आधी टेप गुंडाळा आणि टेपवरून कापा म्हणजे पदर विस्कटत नाहीत. आणि टोक लायटरने जाळू नका. डायनीमा दीडशे अंशांच्या आसपासच वितळतो, त्याचा कडक मणी होतो आणि तो मणी पोटात ओवता येत नाही.

मापं मी १.८ मिलीमीटरची देतोय. आत जाणारं टोक लाइनच्या जाडीच्या ७२ पट लांब असावं असा या धाग्यासाठीचा ठोकताळा आहे, म्हणजे १.८ ला १३ सेंटीमीटर. आपण थोडं जास्तच घेऊ, कारण थोडं टोक अडकवण्यात खर्च होतं.

१. टोकापासून १८ सेंटीमीटरवर पहिली खूण करा. तिथून ६ सेंटीमीटरवर दुसरी, हा मधला भाग म्हणजे तुमचा लूप, दुमडल्यावर ३ सेंटीमीटरचा होतो. दुसऱ्या खुणेपासून आणखी १८ सेंटीमीटरवर तिसरी खूण. लाइन ताणून न धरता, टेबलावर सरळ ठेवून मोजा.

२. दुसऱ्या खुणेवर तार आडवी आरपार घाला, सहा पदर एका बाजूला आणि सहा दुसऱ्या बाजूला राहतील अशी. तारेच्या दुमडीत टोक अडकवून आरपार ओढा, पहिली खूण दुसरीला टेकेपर्यंत. लूप तयार झाला. आता अर्धा सेंटीमीटर पुढे, तिसऱ्या खुणेच्या दिशेने, तेच टोक उलट बाजूने पुन्हा आरपार, आणि आणखी अर्धा सेंटीमीटर पुढे तिसऱ्यांदा. या तीन फेऱ्यांमुळे लाइन सैल असतानाही लूप सरकत नाही. यासाठी ब्रमेल नावाची अजून पक्की पद्धत आहे पण तिच्यात अख्खी ५० मीटर लाइन टोकाच्या वेजातून ओढून काढावी लागते किंवा वीण उलटी करायची कसरत करावी लागते, एवढ्या बारीक लाइनला ती डोकेदुखी नको.

३. आता मुख्य काम, आणि इथेच बहुतेक जण तार उलट बाजूने घालतात. तार घालायची तिसऱ्या खुणेतून, म्हणजे टोक जिथून बाहेर येणार तिथून, आणि पोकळीतून लूपच्या दिशेने सरकवत न्यायची. पुढे लाइन चुण्या पाडत गोळा करत जायचं, तार आपोआप पुढे जाते. मध्येच एखादा पदर तारेवर बाहेरून राहिलाय का ते बोटांनी फिरवून बघा, राहिला असेल तर मागे घेऊन पुन्हा. तिसरी फेरी संपली त्याच्या अगदी शेजारी तारेची दुमड बाहेर काढा.

४. टोकाला टेपचा एकच पातळ वेढा द्या, तिरका कापून टोकदार करा, तारेच्या दुमडीत घाला आणि तार मागे ओढा. अडलं तर जोर लावू नका, लाइन अजून चुण्या करून आखूड करा म्हणजे पोट उघडतं. टोक तिसऱ्या खुणेतून बाहेर आलं की चुण्या तशाच धरून ते अजून पाच-सहा सेंटीमीटर बाहेर काढून घ्या.

५. टेप काढा. आता टोक निमुळतं करायचंय. टोकापासून ५ सेंटीमीटरवर दोन पदर सुईने उचलून कापा, एक सेंटीमीटर पुढे आणखी दोन, असं करत टोकाशी दोन-तीनच पदर उरतील. ही पायरी लोक आळसाने सोडतात. सोडली तर जाड भाग एकदम संपतो, तिथे लाइनला कोपरा पडतो आणि ताण आला की ती बरोबर त्याच जागी जाते.

६. लूप एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या चिमटीने लूपकडून तिसऱ्या खुणेकडे वीण सरळ करत न्या, दोन-तीनदा. टोक आपोआप आत गडप होतं. तिसऱ्या खुणेबाहेर एकही धागा दिसायला नको.

७. लूपजवळ, तीन फेऱ्यांच्या लगेच पुढे, दोऱ्याचे चार-पाच टाके आरपार घाला, आधी एका बाजूने, मग लाइन पाव वळवून दुसऱ्या बाजूने, आणि दोऱ्याची गाठ मारून ती आत दडवा. स्प्लाइसला पकड येते ती ओढीमुळे, ओढ नसताना लाटांनी हलून हलून टोक बाहेर सरकू शकतं, टाके त्यासाठी. कापलेल्या पदरांतलाच एक धागा सुईत ओवून वापरलात तर दोरा विकत घ्यायचीही गरज नाही.

झाल्यावर तपासायचं. टोक जिथे आत शिरतं तिथे पेनने आडवी रेघ मारा, लूपमध्ये जाड स्क्रूड्रायव्हर घाला आणि लाइनचं दुसरं टोक एखाद्या लाकडी दांड्याला सात-आठ वेढे देऊन अंगाचा भार टाकून ओढा. हाताला गुंडाळून अजिबात ओढू नका, कापतं. रेघ जागची हलली नाही तर स्प्लाइस पास. हलली तर कापून पुन्हा करा, जवळजवळ अर्धा मीटर लाइन गेली तर गेली. आणि हा जाड झालेला भाग रीलच्या गाइडमधून विनाअडथळा जातोय ना हेही आत्ताच बघा.

कव्हरवाली लाइन आधीच घेऊन बसला असाल तर स्प्लाइसच्या नादी लागू नका, आठच्या आकड्याची लूपवाली गाठ मारा, पाण्यात भिजवून हळूहळू आवळा आणि शेपूट पाच सेंटीमीटर तरी ठेवा. गाठ मारायच्या आधी कव्हर आणि गाभा दोन्ही एकत्र टोकाशी दोऱ्याने बांधून घ्या. लायटरने दोन्ही एकत्र जुळत नाहीत, पॉलिएस्टर वितळायला अडीचशे अंशांच्या वर तापमान लागतं आणि तोवर आतला डायनीमा कधीच आक्रसून मागे गेलेला असतो.

स्पूल भरताना. डायनीमा गुळगुळीत असल्यामुळे नुसती स्पूलला बांधली तर अख्खा गठ्ठा स्पूलवर गरगर फिरतो आणि ड्रॅग लागतच नाही. स्पूलला भोक असेल तर त्यातून ओवून गाठ मारा, नसेल तर आधी टेपचा एक थर द्या आणि त्यावर बांधा. मग ओल्या फडक्यातून लाइन घट्ट धरून, डावी-उजवीकडे सारखी पसरवत भरा. सैल भरलेली लाइन पहिल्याच माशाला आत रुतते. स्पूलच्या काठाच्या तीन-चार मिलीमीटर खाली थांबा, काठोकाठ भरली तर सुटताना बाहेर उडी मारून हँडलभोवती जाते.

रीलची लाइन थेट भाल्याला लावायची नाही. मध्ये मोनोफिलामेंटची (न विणलेल्या, एकाच जाड धाग्याची) शूटिंग लाइन येते, १.६ ते १.८ मिलीमीटरची, क्रिंप (दाबून बसवायची धातूची नळी) लावलेली, जी गनवर गुंडाळलेली असते. माशाजवळचा, म्हणजेच दगडाजवळचा भाग हाच असतो आणि घासाघासीत मोनो डायनीमापेक्षा जास्त टिकतो. तुमचा स्प्लाइसचा लूप स्विव्हलवाल्या (स्वतःभोवती फिरणाऱ्या) क्लिपमध्ये घालून स्वतःतूनच ओढून घ्या, म्हणजे मोनो आणि रीलची लाइन वेगळी करता येते. लूप करतानाच त्यात पातळ प्लास्टिकची नळी ओवली असेल तर धातूवर घासून झिजत नाही, तेव्हा नळी आधी घालायची आठवण ठेवा, नंतर घालता येत नाही.

पाण्यातलं थोडं. मासा लागला की ड्रॅग हलका ठेवून आधी वर या, श्वास घ्या, मग ओढाओढी. लाइन हाताला किंवा मनगटाला वेढायची नाही, कितीही छोटा मासा असो. डायनीमा तरंगतो, त्यामुळे वर ओढून घेतलेली सैल लाइन तुमच्याच भोवती पाण्यावर जमत जाते, पाय हलवताना फिनमध्ये येते, तिला प्रवाहाच्या दिशेला आपल्यापासून दूर सोडत राहा. स्पूल संपत आला आणि मासा अजून खाली जातोय, तर गन सोडून द्या. सुरा दंडावर किंवा बेल्टवर असा लावा की दोन्ही हातांना मिळेल, आणि त्याला दातेरी कड हवीच. घरी आपल्याच लाइनच्या तुकड्यावर कापून बघा, दुकानातले कितीतरी चकचकीत सुरे डायनीमावर नुसते घसरतात. जोडीदाराशिवाय जाऊ नका, एक खाली तर दुसरा वर बघत.

हाकू इथे ७५ सेंटीमीटरच्या आत घेता येत नाही आणि माणशी दिवसाला तीनच, आणि गोट आयलंड किंवा पुअर नाइट्ससारख्या मरीन रिझर्व्हमध्ये काहीच मारता येत नाही. नियम भागागणिक वेगळे आहेत आणि बदलतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी सरकारी फिशिंग रूल्सचं अ‍ॅप उघडून बघा. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांनी आपापल्या राज्याचे बघा, न्यू साउथ वेल्समध्ये हाच मासा ६५ सेंटीमीटरला चालतो पण फिशिंगची फी भरलेली लागते.

देखभाल म्हणाल तर गोड्या पाण्याने धुणं, तेही लाइन सगळी सोडवून, नुसता रीलवर नळ धरून नाही. वाळूचे कण विणीत जाऊन बसतात आणि आतून पदर कापत राहतात, बाहेरून काही दिसत नाही. थोडं केस आल्यासारखं झालं तर घाबरायचं कारण नाही, एखादा अख्खा पदर तुटलेला दिसला किंवा एखाद्या जागी लाइन हाताला पातळ लागली तर तो भाग बाद. बहुतेक वेळा खराब होतात ते पुढचे दोन-तीन मीटर, तेवढे कापून नवा लूप करा. सीझन संपला की लाइन उलटी भरा, स्पूलच्या तळाशी असलेलं कोरं टोक आता पुढे येईल आणि त्यालाही स्प्लाइस लागेल, म्हणून ती गिटारची तार फेकू नका, लाइनच्या रिकाम्या रिळालाच टेपने चिकटवून ठेवा.